डाव्या हाताचं सारवण

तुमच्या या सदरात लोक जे लिहितात ते मी चष्मा पुसून वाचते आणि मनसोक्त हसते. खोटं कशाला बोलू? चकवा लागला, पांढऱ्या साडीतली बाई दिसली, मागून कुणी हाक मारली... माझा यातल्या एकाही गोष्टीवर कधी विश्वास बसला नाही. आमच्या गावात एका बाईच्या अंगात यायचं. ती घुमायला लागली की बाकीच्या हात जोडून बसायच्या. मी एकदा तिच्या कानाशी जाऊन हळूच म्हटलं, "अगं, तुझी म्हैस सुटली." देवी तिथल्या तिथे उतरली आणि बाई म्हशीमागे धावली!

तर मी अशी. आता हसायची पाळी तुमची आहे, हसा. पण हसून झालं की मला कुणीतरी नीट उत्तर द्या. दोन महिने झाले, मी विचारून विचारून वैतागले आहे.

आमचं गाव भिवंडी तालुक्यात, अंजूरच्या बाजूला, खाडीच्या जवळ. पूर्वी मागच्या दारातून भाताची खाचरं दिसायची, आता गोदामांचे निळे पत्रे दिसतात. यंदा आमचं शेवटचं खाचरही गोदामाला गेलं. सही करताना मी रडले-बिडले नाही. उलट गोदामवाल्या साहेबांचं पेन चांगलं चालत होतं म्हणून सही जरा लांबवली. पण घरी आले, पंख्याखाली बसले आणि एकदम आठवलं... त्या खाचरात माझ्या सासूबाईंची अंगठी आहे. पावसाच्या आधी तिथे डंपरने भराव पडणार, वर काँक्रीट होणार. म्हणजे ती कायमची गेली.

आणि अंगठी गेली म्हणजे अक्काचं पाणीही गेलं. हे कसं, ते सांगते.

सुगंधा अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या दोघींच्या घरांना मधली भिंत एकच. मी लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. भिवंडी शहरात वाढलेली, मॅट्रिक पास. त्या मॅट्रिकचा मला इतका माज की शेणाला हात लावताना मी तोंड दुसरीकडे फिरवायची, जसं काही शेणाला वाईट वाटणार होतं. दोन वेण्या घालून, रिबिनी बांधून शेतावर जायची. आज ती मुलगी समोर आली तर मी पहिल्यांदा तिच्या रिबिनी सोडीन आणि मग दोन धपाटे घालीन.

त्या वर्षी भात कापून झालं होतं. तेव्हा खाचराच्या एका कोपऱ्यात जमीन चोपून सपाट करायचे, ती शेणाने सारवायचे आणि त्यावर भात झोडायचे. त्याला खळं म्हणतात. आमचं खळं सासूबाई, अक्का आणि मी, अशा तिघी सारवत होतो. सासूबाई डावखुऱ्या होत्या. सगळ्यांचे अर्धगोल एका बाजूला वळायचे, त्यांचे उलट्या बाजूला. त्यामुळे सारवण बघून कुणीही सांगायचं, हे म्हातारीचं. माझं सारवण म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखं. अर्धगोलाच्या टोकाला मी हात उचलायची. मग सासूबाई माझं मनगट धरायच्या आणि खाली दाबायच्या. "उचलू नको गं. उचललास का तिथं भेग ऱ्हाते. अर्ध्यावर अर्धा घे, आनि मागं मागं ये."

त्यांनी आदल्या आठवड्यात एका लग्नापुरती मला स्वतःची अंगठी घालायला दिली होती. लाल खड्याची. मला सैल व्हायची म्हणून मी आतून दोरा गुंडाळला होता. लग्न झालं, पण अंगठी काही मी परत केली नाही. कामाला घालू नको म्हणून सासूबाईंनी बजावलं होतं, तरी मी ती खळ्यावर घालून गेले. का? तर शेजारच्या खाचरातल्या बायकांना दिसावी म्हणून. शेणात कोपरापर्यंत हात, आणि बोटात लाल खडा! काय दिसत असेल ते ध्यान.

संध्याकाळी हात धुताना बोट रिकामं दिसलं. सासूबाईंनी विचारलं, अंगठी कुठे? घातली होती म्हणायची हिंमत नव्हती. मी म्हटलं, "मी काढून बांधावर ठेवली होती, जेवणाच्या डब्याच्या झाकणात. मग पाणी आणायला गेले... तिथे अक्काच होत्या."

बस, इतकंच. चोरी केली असं मी म्हटलं नाही. मॅट्रिक पास होते ना, तेवढी अक्कल होती!

सासूबाई अक्काला काही बोलल्या नाहीत. फक्त रात्री जेवणं झाल्यावर कणगीच्या खोलीची किल्ली अक्काच्या कमरेवरून काढून घेतली. अक्का रडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्यावरचा आळ जाईपरेंत तुझ्या हातचं पाणी मना वर्ज्य."

त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. सासूबाई जाऊन तीस होतील. आमचे नवरेही गेले. अक्का माझ्याकडे रोज येते. माझ्या पोरांची बारशी तिने केली, माझ्या बाळंतपणात अंगाला तेल लावलं, सीरियलमधल्या सासवांना शिव्या द्यायला तर आम्ही एकत्रच बसतो. पण पाणी नाही. आधी स्वतःचा तांब्या घेऊन यायची, आता स्टीलची बाटली आणते. मी विचारलं की एकच उत्तर, "मना तहान न्हाय." आणि पाच मिनिटांनी माझ्यासमोर बाटलीतलं घटाघटा पिते.

तुम्ही म्हणाल, बाई, मग खरं सांगून टाकायचं की! दर वर्षी वाटायचं. पण माझ्या डोक्यात एक खूळ बसलं होतं: आधी अंगठी सापडू दे, मग सांगते. नुसत्या शब्दाला कोण विचारतं? एकोणीसची असताना अक्कल नव्हती, ती पासष्टीपर्यंतही आली नाही, एवढंच म्हणू शकते.

आता मशीनचं. माझी मुलगी मनीषा बँकेतल्या नोकरीतून चाळिशीतच मोकळी झाली आणि तिने मेटल डिटेक्टरचा छंद लावून घेतला. इतर बायका भजनाला जातात, ही कानाला हेडफोन लावून अकलोलीला नदीकाठी वाळू हुंगत फिरते. तिथे गरम पाण्याच्या कुंडांवर लोक आंघोळीला येतात, अंगठ्या-पैंजण हरवतात, ही शोधून देते. मी तिला भरपूर चिडवलं होतं. तर आता मलाच तिचे पाय धरावे लागले. तिला मी सगळं सांगितलं, खोट्यासकट. अक्काला ती मोठी आई म्हणते. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आई, मोठी आई इतकी वर्षं बाटली घेऊन येते ती यासाठी?" मी म्हटलं, "भाषण नंतर कर, मशीन काढ."

खाचरात खळं नक्की कुठे होतं हे मला आठवत नव्हतं. खूण होती ती चिंच केव्हाच तोडली. खळं तरी काय, पुढच्याच पावसाळ्यात नांगरलं गेलेलं. त्यामुळे सगळं खाचर पालथं घालायचं ठरलं. डंपर सोमवारी येणार होते. आम्ही गेलो शुक्रवारी.

मशीन म्हणजे एक दांडा, वर मूठ आणि स्क्रीन, खाली थाळीएवढी चकती. तिला कॉइल म्हणतात. ती जमिनीवरून डावीकडे-उजवीकडे फिरवायची. मनीषाला दम्याचा त्रास, शेतातली धूळ उडाली की ती बसून जायची, म्हणून निम्मा वेळ मशीन माझ्या हातात. आणि मग तिची शिकवणी सुरू.

"आई, झोका देऊ नकोस! कॉइल जमिनीला समांतर पाहिजे."

"समांतरच आहे."

"टोकाला उचलतेस तू. उचललीस की तिथली जमीन सुटते. हळू... आणि आधीच्या फेरीवर अर्धी फेरी चढव. नाहीतर मधे पट्टे राहतात."

"मग तूच कर ना, बाई!"

"खोऽऽ... खोऽऽ..." हे तिचं उत्तर.

शुक्रवारी काय सापडलं? तीन खिळे, विळ्याचं तुटकं पातं, गोदामातल्या खोक्यांच्या पट्ट्यांना असतात त्या लोखंडी क्लिपा मूठभर, आणि बाटल्यांची बुचं. भाताची धसकटं कॉइलला लागली तरी मशीन ओरडायचं. वरून विजेची मोठी लाइन जाते, तिच्याखाली गेलं की ते आपलं आपणच बडबडायला लागायचं. पण सगळ्यात छळ गुटख्याच्या पुड्यांचा. चंदेरी कागद असतो ना आत, तो दिसला की मशीन ठुमकत आवाज देणार. आम्ही खणणार, पुडी निघणार. पंचवीस वेळा वाकले असेन मी. माझी कंबर आणि माझी भाषा, दोन्ही सुटली.

शनिवारी सकाळी दहा पुड्या निघाल्यावर मनीषाचाही तोल गेला. तिने मशीनवरची बटणं दाबली. म्हणाली, "या कागदाचा रेंजच बंद करून टाकते. आता मशीन त्याला उत्तर देणार नाही." मी म्हटलं, बरं झालं. तेव्हा मला एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि वैतागाच्या भरात तिच्याही लक्षात आली नाही. ती गोष्ट पुढे सांगते.

शनिवार गेला. रविवारची दुपार झाली. दुसऱ्या दिवशी डंपर. कोपरे तीन झाले होते, एक राहिला होता, आणि ऊन असं की जमिनीतून वाफ येत होती. मनीषा म्हणाली, "आई, बस झालं. मी नाक्यावरून थंड काहीतरी घेऊन येते, मग घरी जाऊ." ती स्कूटी घेऊन गेली. जाऊन यायला वीस मिनिटं.

मी एकटी. मला इतका राग आला होता... मशीनचा, गुटखा खाणाऱ्यांचा, स्वतःचा. उभं राहून पाठ मोडली होती, म्हणून मी दांडा आत सरकवून आखूड केला आणि सरळ जमिनीवर उकिडवी बसले, सारवायला बसतात तशी. म्हटलं, हे घे. कॉइल जमिनीला टेकवली आणि फिरवली. अर्धगोल. मग मागे सरकले. अर्ध्यावर अर्धा. मनातल्या मनात हसू आलं. मनीषा तीन दिवस घसा फोडून जे शिकवत होती ते सासूबाईंनी मला एकोणिसाव्या वर्षीच शिकवलं होतं, आणि मी ते तेव्हाही शिकले नव्हते.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला माझं मनगट दबलं.

वाऱ्याने म्हणू नका, वारा नव्हता. कळ आली म्हणू नका, कळ मला चांगली ओळखता येते, आमचं रोजचं येणं-जाणं आहे. टोकाला माझा हात सवयीने उचलला जात होता आणि कुणीतरी तो वरून धरून खाली दाबला. अंगठा आतल्या बाजूला, चार बोटं वर. एकदा... पुन्हा... प्रत्येक टोकाला. मी घाबरले का? नाही. खरं सांगते, मी चिडले! तोंडातून निघालं, "हो, हो, नाही उचलत!" जशी तेव्हा सासूबाईंना फणकाऱ्याने म्हणायची अगदी तशी. मग कानात आवाज आला. बारीक, स्वच्छ, एकच सूर. इकडून फिरवलं तरी तोच, तिकडून फिरवलं तरी तोच.

तेवढ्यात मागून मनीषा ओरडली, "आई! हे काय करून ठेवलंयस?"

मी वर पाहिलं. माझ्या हिशेबाने मी पाच-सहा फेऱ्या मारल्या होत्या. समोर धुळीत एका खोलीएवढी जागा सारवल्यासारखी दिसत होती. अर्धगोलावर अर्धगोल, ओळीने, कुठे भेग नाही. मनीषा थंड्याच्या बाटल्या हातात धरून उभी. "आणि मशीन डाव्या हातात कसं?"

खरंच, मशीन माझ्या डाव्या हातात होतं. मी उजव्या हाताची. त्यात माझा डावा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला, त्या हाताने मी केसही विंचरू शकत नाही. आणि जमिनीवरचे सगळे अर्धगोल उलट्या बाजूचे होते.

मी म्हटलं, "आधी इथे खण."

वीतभर खाली अंगठी होती. खडा शाबूत. दोरा नव्हता, तो केव्हाच कुजला असणार. म्हणजे तिथे काही चमत्कार नाही, तेही लिहून ठेवते.

आता ती गोष्ट. घरी येऊन मनीषाने अंगठी धुतली आणि गंमत म्हणून मशीनसमोर धरली. मशीन गप्प. पुन्हा धरली, जवळून, लांबून, उभी, आडवी. गप्प. मनीषाने कपाळावर हात मारला आणि खाटेवर बसली. बारीक सोन्याची अंगठी आणि चंदेरी कागद मशीनला जवळजवळ एकसारखे वाटतात म्हणे. कागदाचा रेंज बंद केला तेव्हा तिने त्याबरोबर अंगठीचाही आवाज बंद करून टाकला होता. रेंज चालू केला, मशीन लगेच बोललं. बंद केला, मुकं. वीस वेळा करून पाहिलं. म्हणजे शनिवारी सकाळपासून आम्ही जी वस्तू शोधत होतो, तिला मशीन उत्तर देणंच शक्य नव्हतं.

मग माझ्या कानात काय वाजलं?

असो. मी अंगठी घेऊन अक्काच्या ओटीवर गेले. अक्का कोलंबी सोलत बसली होती, तिचा मुलगा आणि सून तिथेच. मी अंगठी पुढे धरली. तिने एकवार पाहिलं.

"सापरली व्हय?"

"अक्का, खाचरात होती. शेणात गेली होती. ऐक ना, काय झालं माहितीय, मशीन बंद—"

"ते तुझं मशीन ऱ्हाऊ दे." तिने एक कोलंबी सोलली. "आता मी काय करू हिचं?"

"अगं, आळ गेला ना तुझ्यावरचा!"

"कसा गेला? अंगठी जमिनीत व्हती, ती वर आली. आळ काय जमिनीनं घेतलेला?" आता तिने माझ्याकडे पाहिलं. "मी कधी अंगठी मागितली तुझ्याकडं? तू तेव्हा काय बोललीस, ते बोल."

सेहेचाळीस वर्षं मी अंगठीसाठी थांबले होते, आणि हिला ती नकोच होती! इतका वैताग मला मशीनचाही आला नव्हता. मी तिथेच खाली बसले. म्हटलं, "अंगठी मी बांधावर ठेवलीच नव्हती. बोटात होती. भीतीने खोटं बोलले. तुझं नाव मी मुद्दाम घेतलं."

"मोठ्यानं. मना कमी ऐकू येतं."

हिला गल्लीच्या टोकाच्या कुकरची शिट्टी ऐकू येते! पण मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. तिच्या मुलाने मान खाली घातली. सून आत गेली. अक्काने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "वाटीभर कोलंबी नेतेस?"

दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला डंपरचा आवाज सुरू झाला तेव्हा ती आली. बाटली माझ्यासमोर ठेवली. रिकामी होती. "भर," म्हणाली. मी माठातलं पाणी भरून दिलं. आणि ही बाई बाटली उचलून चालायला लागली, स्वतःच्या घरी!

"अगं, इथे बसून पी की!"

"मना तहान न्हाय."

तेव्हापासून रोज हेच. येते, भरून घेते, घरी नेऊन पिते. मी डोकं आपटायचं बाकी ठेवलं आहे.

तर आता कुणीतरी मला समजावून सांगा. मनीषा म्हणते, विजेच्या लाइनमुळे मशीन चुकून वाजलं असेल. असेल. पण नेमकं तिथे? आणि इकडून-तिकडून एकच सूर? फिजिओथेरपीवाली म्हणते, खाली बसून हात फिरवला तर आखडलेला खांदाही चालतो. चालू दे. मग वीस मिनिटांत खोलीभर जागा कुणी सारवली? आता ती जागा भरावाखाली आहे, कुणाला दाखवायचीही सोय नाही.

अक्काला मी हे सगळं शेवटी माझ्या मागच्या दारी बसून ऐकवलंच. डावा हात, उलटे अर्धगोल, मनगट. ती बाटलीशी चाळा करत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हातारीला जागा ठाव व्हती, मग जित्तेपनी का न्हाय सांगितलीन?"

एवढं बोलून तिने नुकतीच भरलेली बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि झाकण लावलं. आपण कुठे बसलोय हे तिच्या लक्षात आलं नसावं.

मी मान फिरवून मागच्या निळ्या पत्र्यांकडे बघत बसले.